पुलाच्या पायाखालचा खडक दरवर्षी झिजतोय आणि भरलेलं काँक्रीट टिकत नाही: कारण कसं शोधायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. पूल लहान किंवा मध्यम, उघड्या पायाचा, फूटिंग (पायाचा रुंद तळ) थेट खडकावर. पावसाळ्यानंतरच्या पाहणीत एक-दोन पिअरच्या (पुलाच्या खांबांच्या) फूटिंगखाली पोकळी दिसते. पहार आडवी घातली की हातभर आत जाते. उन्हाळ्यात पाणी आटलं की दगड भरून काँक्रीट टाकतात, आणि पुढच्या दिवाळीला पोकळी परत हजर. कधी त्याच जागी, कधी भरलेल्या काँक्रीटच्या खालून, कधी बाजूने. मग कुणीतरी म्हणतं की काँक्रीटची प्रत कमी होती, ग्रेड वाढते, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ते उत्तम प्रतीचं काँक्रीट अखंड ठोकळा होऊन खाली पात्रात पडलेलं सापडतं.

माझं मत आधीच सांगतो. यात दोष बहुधा काँक्रीटचा नसतो, निदानाचा असतो. नदी खडक एकाच रीतीने नेत नाही. आपल्याकडच्या नद्यांत तरी चार वेगळ्या रीती दिसतात. एकीवर चालणारा उपाय दुसरीवर वाया जातो आणि कधीकधी नुकसानही करतो. म्हणून भरण्याआधी ओळखायचं. ते कसं, यासाठी हे लिहितोय.

त्याआधी: पूल चालू ठेवायचा की नाही?

निदानाला वेळ लागतो, पण हा प्रश्न त्याच दिवशी सोडवावा लागतो. ‘फक्त पाव भाग मोकळा झालाय, पाऊण भाग टेकलेला आहे’ हे वाक्य धीर देणारं वाटतं. आकडेमोड केली की तो धीर टिकत नाही.

समजा, फूटिंग प्रवाहाच्या दिशेने ४ मीटर लांब आहे आणि भार बरोबर मध्यावर येतो. वरच्या अंगाची १ मीटर कड मोकळी झाली. आता टेकलेली लांबी ३ मीटर, पण भार आहे तिथेच आहे. म्हणजे उरलेल्या टेकूच्या मध्यापासून तो ०.५ मीटर सरकला. ३ मीटरचा सहावा हिस्सा ०.५ मीटरच होतो, त्यामुळे लांबच्या कडेवरचा दाब शून्यावर येतो आणि पोकळीच्या ओठावरचा दाब मूळ दाबाच्या सुमारे २.७ पट होतो. जमीन गेली पाव आणि दाब वाढला पावणेतीनपट, तोही नेमका त्या जागी जिथला खडक सर्वांत खिळखिळा आहे. यात पुराच्या पाण्याचा आडवा रेटा धरलेलाच नाही.

म्हणून पोकळीची लांबी, रुंदी, खोली मोजून त्याच दिवशी हे गणित मांडा. सोबत वर चढून कठड्याची ओळ नजरेने तपासा, एक्स्पान्शन जॉइंटची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का बघा, बेअरिंग (गाळा खांबावर टेकतो तो भाग) सरकलंय का बघा. दगडी कमानीचा पूल असेल तर जास्तच सावध राहा. कमानीला पायाचं थोडंसं बसणंही सोसत नाही, आणि ती फारशी पूर्वसूचना देत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ पुरात सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल गेला आणि दोन एसटी बस वाहून गेल्या, ती रात्र कोकणात कुणी विसरलेलं नाही. शंका असेल तर आधी वाहतूक बंद करा, कागदपत्रं नंतर. पूर ओसरेपर्यंत गावाला वळसा पडेल, पडू द्या.

‘खडक लागला’ म्हणजे नेमकं काय लागलं?

महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या लाव्हाने बनलेला आहे. हा लाव्हा एकदम ओतला गेला नाही, थरावर थर साचत गेला. त्यामुळे ‘बेसाल्ट’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळे खडक येतात. थराच्या पोटात घट्ट काळा पाषाण असतो, त्याला थंड होताना पडलेले उभे-आडवे सांधे असतात. थराच्या माथ्याकडे वायूच्या पोकळ्यांचा, पांढऱ्या खनिजांनी भरलेला, तुलनेने नरम खडक असतो. काही ठिकाणी तुकड्यातुकड्यांचा ब्रेशिया असतो. आणि दोन थरांच्या मध्ये अनेकदा तांबडा बोल असतो, मातीसारखा, वीतभर ते काही मीटर जाडीचा.

हा तांबडा बोल आपल्या विषयातला सर्वांत मोठा दगाबाज. खणताना ओलसर आणि दाबाखाली असतो तेव्हा तो बऱ्यापैकी कडक लागतो. उघडा पडून वाळला आणि पुन्हा भिजला की तडकतो आणि चुरा होतो. प्रवाहाचा जोर लागतच नाही, नुसत्या भिजण्या-वाळण्याने काम होतं.

जुन्या बोअर लॉगमध्ये (भोक पाडून काढलेल्या खडकाच्या नोंदीत) तो सहसा दिसत नाही, आणि याचं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. ड्रिलिंगच्या पाण्याने बोल धुऊन निघतो, पेटीत त्याचा तुकडाही येत नाही. लॉगवर मात्र नोंद होते ‘कोअर लॉस ४० सेंटीमीटर’, म्हणजे तेवढ्या लांबीचा नमुना हाती आला नाही. वाचणारा समजतो की यंत्राची किंवा माणसाची चूक झाली. दख्खनच्या खडकात, घट्ट पाषाणाच्या दोन तुकड्यांमध्ये कोअर हरवली असेल तर तिथे बोल किंवा कुजका थर आहे असंच धरून चाला, आणि तो नाही हे सिद्ध होईपर्यंत मत बदलू नका.

खडकावरच्या उघड्या पायासाठी आयआरसी ७८ (इंडियन रोड्स काँग्रेसची पुलांच्या पायांची संहिता) कठीण खडकात किमान ०.६ मीटर आणि इतर खडकात १.५ मीटर रुतवण सांगते, आणि फूटिंगभोवतीचा चर खडकाच्या माथ्यापर्यंत काँक्रीटने भरायला सांगते. जुन्या पुलांवर ही दुसरी गोष्टच राहून गेलेली वारंवार दिसते. चर खणला, फूटिंग बांधलं, आणि बाजूचा खड्डा निघालेल्या मुरमानेच भरला. पहिल्या मोठ्या पुरात मुरूम जातो आणि फूटिंगच्या चारही बाजूंना तयार खंदक मिळतो. भोवऱ्याला याहून सोयीची जागा नाही. तुमच्या पुलाचे मूळ नकाशे सापडले तर सर्वांत आधी ही गोष्ट तपासा.

पोकळीचा आकार वाचा

अमेरिकेत ५ एप्रिल १९८७ रोजी न्यूयॉर्क राज्यातला स्कोहारी क्रीकचा पूल पुरात पडला, १० माणसं गेली. त्याचे पाये खडकावर नव्हते, हिमनदीने दाबून ठेवलेल्या दाट थरावर होते. तो थर झिजायला कठीण समजला जात होता. त्या दुर्घटनेनंतर तिथे पायाजवळच्या झिजेचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला आणि पुढे खडकापर्यंत पोचला. २०१२ मध्ये तिथल्या महामार्ग संशोधन कार्यक्रमाच्या अहवालाने खडक जाण्याच्या चार रीती मांडल्या: विरघळणं, बुडबुडे फुटून होणारा मारा म्हणजे कॅव्हिटेशन, सांध्यांतून ठोकळे उपटले जाणं, आणि नरम खडकाची हळूहळू झीज.

आपल्याकडे यातल्या पहिल्या दोन बहुतांशी बाजूला ठेवता येतात. बेसाल्ट पुलाच्या आयुष्यात विरघळत नाही. वणी किंवा चंद्रपूरकडच्या चुनखडीवर पूल असेल तर मात्र विरघळण्याचा विचार करा. कॅव्हिटेशनला लागणारा वेग धरणाच्या सांडव्यावर मिळतो, साध्या पुलाखाली क्वचितच. उरलेल्या दोन रीती दख्खनसाठी मी अशा चार भागांत पाडतो.

पहिली, ठोकळे उपटणं. पोकळीच्या कडा धारदार, कोपरे काटकोनी, भिंती सपाट. आतली बाजू गुळगुळीत नसते. खाली पात्रात थोड्या अंतरावर त्याच मापाचे ठोकळे सापडतात. ते शोधा आणि पोकळीच्या मापाशी ताडून बघा, निदान तिथेच पक्कं होतं. पिअरसमोर पाणी आपटून खाली वळतं आणि पिअरला नालाकार वेढा घालणारा भोवरा तयार होतो. त्यात दाब क्षणाक्षणाला वर-खाली होतो. हा चढउतार सांध्यांतल्या पाण्यातून ठोकळ्याच्या पोटाखाली पोचतो आणि ठोकळा हळूहळू उचलत आणतो. खडक किती कठीण याला इथे फारसं महत्त्व नाही. झांबेझी नदीवरच्या करिबा धरणाखाली सांडव्याच्या पाण्याने कठीण नाइस खडकात सुमारे ८० मीटर खोल डोह पाडला, तो मुख्यतः सांध्यांच्या वाटेनेच.

दुसरी, घासणं. इथे सगळं उलट. कडा गोल, पृष्ठभाग गुळगुळीत, कधी चकचकीत. खळगा वाटोळा आणि तळाशी गोटे. निघोज आणि टाकळी हाजीच्या दरम्यान कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिलेत त्यांना ही खूण वेगळी सांगावी लागणार नाही. तिथे नदीने गोटे गरगर फिरवत घट्ट बेसाल्टमध्ये माणूस उभा राहील इतके खोल रांजण कोरलेत. त्याला भूशास्त्रीय काळ लागला हे खरं, पण पिअरच्या बाजूला कायमचा भोवरा बसवून दिला आणि वरून गोट्यांचा पुरवठा चालू असला, तर तेच काम नरम खडकात एका पुलाच्या आयुष्यात होतं.

इथे वाळूबद्दल बोललंच पाहिजे. वाळू आणि गोटे नदीच्या हातातलं हत्यारही असतात आणि कातळावरचं पांघरूणही. थर जाड असेल तर खालचा खडक झाकलेला राहतो, ना घासला जात, ना वाळत. थर पातळ झाला की उरलेली वाळू घासायचं काम करते. पुलाच्या वर-खाली वाळूउपसा झाला आणि त्यानंतरच पोकळी पडायला लागली, असा क्रम अनेक गावांत लोकच सांगतील. त्यांना विचारा. पात्रात कातळ कधीपासून उघडा दिसतोय हे नदीकाठच्या शेतकऱ्याला कुठल्याही नोंदवहीपेक्षा जास्त अचूक आठवतं.

तिसरी, भिजून-वाळून सुटणं. ही पोकळी आडवी, पसरट, एकाच पातळीवर लांबवर गेलेली. वरचा घट्ट खडक छज्जासारखा बाहेर राहिलेला आणि खाली तांबडा किंवा हिरवट थर आत गेलेला. बोटाने खरवडलं तर पापुद्रे निघतात. आणखी एक खूण, ही पोकळी पुरात जितकी वाढते तितकीच दोन पुरांच्या मधल्या काळातही वाढते. पुलाच्या खालच्या अंगाला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) लावल्यापासून पाणी तुंबून थर भिजत राहतो आणि बर्गे काढल्यावर उन्हात वाळतो. असं चक्र दरवर्षी मिळालं की बोलाला पुराचीही गरज उरत नाही. पूर फक्त चुरा वाहून नेतो.

चौथी रीत पुलाशी सुरूच होत नाही. पात्रात खालच्या अंगाला एखादी पायरी असते, छोटा धबधबा म्हणा. दर पावसाळ्यात तो थोडा-थोडा वर सरकत पुलाकडे येतो. खालचा जुना बंधारा फुटला, पात्र खोदून सरळ केलं किंवा वाळू खोल काढली, की अशी पायरी तयार होते. एकाच पिअरला नाही, तर ओळीने सगळ्यांना खालच्या अंगाने त्रास सुरू झाला असेल तर उतरून नदीच्या कडेने खाली चालत जा. पोकळीचं कारण तुम्हाला पुलापासून दूर सापडेल. अशा ठिकाणी पिअरपाशी केलेला कोणताही उपाय पायरी येऊन पोचेपर्यंतच टिकतो.

एकाच पुलावर दोन रीती एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे. बोल सुटतो, वरचा पाषाण अधांतरी होतो, मग त्याचे ठोकळे पडतात. अशा वेळी पडलेले ठोकळे डोळ्यांत भरतात आणि खरं कारण असलेला वीतभर बोल दुर्लक्षित राहतो. तळाशी काय आहे ते नेहमी बघा.

मोजमाप: पोकळी भरलेली दिसते तेव्हाच जास्त काळजी करा

मातीच्या तळात पूर ओसरताना खड्डा पुन्हा भरतो. खडकात गेलेला खडक परत येत नाही, पण खड्डा मात्र वाळू-गोट्यांनी भरून जातो. नोव्हेंबरात पाहणी करणाऱ्याला पात्र सपाट दिसतं आणि तो ‘ठीक’ लिहितो. पहार मारून बघितल्याशिवाय हा शब्द लिहू नका. पहार खडकाला लागली तर टणक आवाज आणि हाताला झटका येतो, भरावात ती करकरत आत जाते. जिथे जाते तिथे खणून खरा खडक कुठे आहे ते मोजा. वहीत दोन पातळ्या वेगळ्या लिहा: पात्राची आणि खडकाची. बहुतेक नोंदींत एकच पातळी असते, म्हणून दोन वर्षांची तुलनाच होऊ शकत नाही.

लेव्हलचा संदर्भ पुलावर घेऊ नका. पिअरच बसत असेल तर संदर्भही त्याच्याबरोबर बसेल आणि सगळं आलबेल दिसेल. काठावरच्या पक्क्या कातळावर किंवा जुन्या इमारतीच्या जोत्यावर टीबीएम (तात्पुरता संदर्भबिंदू) घ्या. प्रत्येक फूटिंगचे चार कोपरे, समोरच्या बाजूला ठरावीक अंतरावर काही बिंदू, आणि पुलाच्या वर-खाली पात्राचा लांबीचा छेद. खडकात छोटे गंजरोधक खिळे ग्राउट करून (पातळ सिमेंटने पक्के बसवून) ठेवले तर दरवर्षी खिळ्याचा किती भाग उघडा पडला ते थेट मोजता येतं. मे महिन्यात पात्र कोरडं असताना ड्रोनने किंवा नुसत्या मोबाइलने भरपूर एकमेकांवर येणारे फोटो काढून ठेवा, मोजपट्टी फ्रेममध्ये ठेवून. दोन वर्षांचे असे फोटो शेजारी ठेवले की वाद उरत नाही.

बारमाही पाण्यात डायव्हर लागतो. त्याला ‘फूटिंग बघून ये’ एवढंच सांगून पाठवू नका. कडा धारदार की गोल, तळाशी गोटे की माती, पोकळी आडवी की खोल, हे प्रश्न लिहून द्या. भर पुरात मात्र कुणालाही पाण्यात उतरवू नका. पुलावरून वजन बांधलेली दोरी सोडून खोली घेता येते, आणि तीही वाहतूक सुरक्षित असेल तरच.

बोलाची शंका असेल तर प्रयोगशाळेच्या आधी साधी चाचणी करा. मुठीएवढे तुकडे उन्हात खडखडीत वाळवा, रात्रभर बादलीत बुडवा, पुन्हा वाळवा, पुन्हा बुडवा. दोन-तीन फेऱ्यांत घट्ट पाषाण जसाच्या तसा राहतो आणि बोल बादलीच्या तळाशी चिखल होतो. नंतर अधिकृत स्लेक ड्युरेबिलिटी चाचणी करून घ्या. त्यात वाळवलेले तुकडे २ मिलिमीटर जाळीच्या पिंपात, पाण्यात १० मिनिटांत २०० फेरे फिरवतात, आणि अशी दोन आवर्तनं होतात.

अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने १९९१ मध्ये दिलेले आकडे पहिल्या चाळणीसाठी मला अजूनही उपयोगी वाटतात: आरक्यूडी (नमुन्यातल्या १० सेंटीमीटरहून लांब अखंड तुकड्यांचा टक्का) ५० पेक्षा कमी असेल तर झिजेच्या हिशेबात तो थर मातीसारखा धरा, दाबशक्ती १.७ मेगापास्कलच्या खाली असेल तर त्याला खडक म्हणू नका, स्लेक निर्देशांक (त्या चाचणीनंतर उरलेला टक्का) ९० च्या खाली असेल तर प्रत वाईट समजा, लॉस एंजलिस घर्षण चाचणीत ४० टक्क्यांहून जास्त घट आली तर सावध व्हा. ही चाळणी आहे, निकाल नाही. आरक्यूडी ८० असलेल्या थराखाली वीतभर बोल असला तर ८० या आकड्याला काही किंमत नाही.

गणित: लेसी इथे चालत नाही

आपल्याकडे स्कावर (पाण्याने होणारी पायाजवळची झीज) म्हटलं की हात आपोआप तिची खोली सांगणाऱ्या लेसीच्या सूत्राकडे जातो. ते सूत्र गाळाच्या, वाळूच्या तळाच्या कालव्यांवरून आलं. त्यातला सिल्ट फॅक्टर कणांच्या आकारावर ठरतो. कातळाला सिल्ट फॅक्टर नसतो. परिणाम असा की एक तर सूत्रातून आलेली प्रचंड खोली अवास्तव म्हणून बाजूला पडते आणि खडकाची झीज शून्य धरली जाते, किंवा कुठला तरी फॅक्टर ढकलून आकडा जमवला जातो. दोन्ही चूक.

खडकासाठी प्रवाहाची शक्ती आणि खडकाचा प्रतिकार यांची तुलना करणारी पद्धत वापरा. ॲनंडेल यांनी १९९५ मध्ये मांडलेला क्षरण निर्देशांक चार गोष्टींचा गुणाकार आहे: खडकाची ताकद, ठोकळ्यांचं माप (आरक्यूडी भागिले सांध्यांच्या संचांचा अंक), सांध्यांचं घर्षण, आणि प्रवाहाच्या तुलनेत सांध्यांची दिशा. निर्देशांकाचा ०.७५ वा घात केला की प्रतिकार मिळतो, प्रति चौरस मीटर किलोवॅटमध्ये.

उदाहरण घेऊ. पुरात खोली ४ मीटर, वेग ३ मीटर प्रति सेकंद, पाण्याचा उतार ०.००४. दर मीटर रुंदीला विसर्ग १२ घनमीटर प्रति सेकंद. पाण्याचं वजन ९.८१ गुणिले विसर्ग १२ गुणिले उतार ०.००४, म्हणजे साधारण ०.४७ किलोवॅट प्रति चौरस मीटर. ही मोकळ्या पात्रातली शक्ती. पिअरच्या पायाशी, खड्डा पडायच्या आधी, ती सुमारे आठपट होते, म्हणजे जवळपास ४. खड्डा खोल होत जातो तसा हा गुणक झपाट्याने उतरतो. झीज कुठे थांबेल याचा अंदाज त्यावरूनच बांधतात.

आता प्रतिकार. घट्ट पाषाण: ताकद १००, आरक्यूडी ८०, सांध्यांचे तीन संच म्हणून अंक २.७३, घर्षण ०.७५, दिशा ०.७. निर्देशांक सुमारे १,५४० आणि प्रतिकार सुमारे २४५ किलोवॅट. चार किलोवॅटच्या माऱ्यासमोर हा खडक हलणार नाही. बोल: ताकदीचा अंक १.८६, ठोकळ्यांचा ६, चिकणमातीमुळे घर्षण ०.२५, दिशा ०.७. निर्देशांक दोनच्या आत, प्रतिकार १.६ च्या आसपास. चारच्या माऱ्यासमोर हा जाणारच, आणि हा आकडा ताज्या बोलाचा आहे, वाळून तडकलेल्याचा नाही. लॉगमध्ये मात्र दोघांसमोर ‘खडक’ असाच शब्द असतो.

उतार मोजताना नकाशावरचा सरासरी उतार घेऊ नका. पूर गेल्यावर लगेच दोन्ही काठांवर पुराच्या खुणा, कचऱ्याच्या रेषा, लेव्हलने घ्या. ओंडके आणि जलपर्णी अडकून पुलाचे गाळे बंद झाले होते का तेही विचारा. अर्धे गाळे बंद असतील तर वरचं गणित पूर्ण बदलतं, आणि कधीकधी झिजेचं मूळ कारण तेवढंच निघतं.

दुरुस्ती का टिकत नाही

सर्वांत आधी एक गोष्ट, जी चारही रीतींना लागू आहे. पोकळीत नुसतं काँक्रीट ओतलं म्हणजे फूटिंगला टेकू मिळाला असं होत नाही. काँक्रीट घट्ट होताना थोडं खाली बसतं आणि फूटिंगच्या तळाशी बारीक फट राहते. भार तिथून उतरतच नाही. फूटिंग आणखी बसेल तेव्हाच ते काँक्रीट काम करायला लागेल, आणि तेच तर टाळायचं आहे. म्हणून भरताना नळ्या ठेवा आणि नंतर न आकसणारा ग्राउट दाबाने भरून वरची फट बंद करा. आधी पोकळीतली वाळू, चिखल, सुटे दगड पूर्ण काढून पाण्याच्या फवाऱ्याने खडक धुवा. पाणी उपसता येत नसेल तर ट्रेमीने (तळापर्यंत जाणाऱ्या नळीने) खालून वर भरा. वरून टाकलेलं काँक्रीट पाण्यात धुऊन जातं आणि तळाशी नुसती खडी उरते.

ठोकळे उपटले जात असतील तर काँक्रीट हा अर्धाच उपाय. सांधे धुऊन ग्राउट करायचे, आणि सळ्यांचे अँकर सांधे ओलांडून खालच्या अखंड खडकापर्यंत न्यायचे. काँक्रीटची कड निमुळती करून खडकावर पसरवू नका. ती पातळ कड पहिल्याच पुरात उचलली जाते आणि तिच्या मागोमाग सगळा ठोकळा जातो. खडकात उभी खाच कापून कड त्यात बसवा.

घासण्याच्या जागी आधी खळग्यातले गोटे काढा. नंतर कठीण खडीचं, दाट, उच्च शक्तीचं काँक्रीट वापरा. ग्रेड वाढवण्याला खरा अर्थ आहे तो फक्त इथे. पृष्ठभाग शेजारच्या कातळाशी समपातळीत ठेवा, वर आलेला उंचवटा नवा भोवरा जन्माला घालतो.

बोलासाठी घाई आणि संयम दोन्ही लागतात. सुटलेला बोल खरवडून ताजा, ओलसर थर लागेपर्यंत काढा आणि त्याच दिवशी झाका. उन्हात ठेवून ‘उद्या काँक्रीट’ म्हणालात तर उद्या पुन्हा खरवडावं लागेल. फूटिंगखाली काम आळीपाळीने, एका वेळी छोटा तुकडा, तो भरून ताकद आल्यावरच पुढचा. थर पातळ असेल तर खालच्या घट्ट पाषाणापर्यंत जा आणि भोवताली काँक्रीटची भिंत त्या पाषाणात रुतवा, म्हणजे बोल कायमचा बंदिस्त होईल. थर जाड असेल तर मायक्रोपाइलचा (खाली खोल नेलेल्या बारीक खांबांचा) विचार भूतांत्रिक सल्लागाराबरोबर करा. ते काम अंदाजाने करायचं नाही.

पायरी वर सरकत असेल तर खर्च पिअरपाशी करू नका. पायरीच्या वर, पात्राच्या पूर्ण रुंदीत खडकात रुतवलेली आडवी भिंत घाला आणि तिच्या खालच्या अंगाला पाण्याची शक्ती मोडण्याची सोय करा. शक्य असेल तिथे मूळ कारणही थांबवा.

उघड्या कातळावर सुटे दगड किंवा गॅबियन (तारेच्या जाळीत भरलेले दगड) टाकण्याचा मोह आवरा. वाळूच्या तळात दगडांचा ॲप्रन खचत-खचत खड्ड्यात बसतो, त्याचं काम त्यावरच चालतं. कातळावर त्याला खचायला जागा नाही, तो घरंगळतो. गॅबियनची तार वाहत्या गोट्यांनी तुटते आणि आतले दगड पुढच्या भोवऱ्याला घासायचं साहित्य म्हणून मिळतात.

दुरुस्ती झाली की भरलेल्या काँक्रीटच्या चारही कडांच्या पातळ्या त्याच टीबीएमवरून घेऊन ठेवा, आणि कोणती रीत ओळखली, कशावरून ओळखली, हे दोन ओळींत नोंदवहीत लिहा. पहिल्या मोठ्या पुरानंतर पात्रात उतरता येईल त्या दिवशी, दिवाळीची वाट न पाहता, त्याच कडा पुन्हा मोजा. कड सुटायला लागली असेल तर ती त्या वेळी बोटभर असते.